चाच्यांच्या कथेचा दुसरा भाग

लोकांना एखादी गोष्ट मनापासून आवडली, म्हणजे ती संपताच ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न ठरलेला असतो. रात्रीच्या जेवणानंतर अंगणात गोष्ट ऐकणारे मूल असो, की तिकीट काढून चित्रगृहात बसलेला प्रौढ प्रेक्षक असो, दोघांची भूक एकच. गोष्ट सांगणाऱ्याला हा प्रश्न सुखावतो आणि अडचणीतही टाकतो. पहिली गोष्ट सांगताना त्याच्यावर कोणाचे ऋण नसते. दुसरी सांगावयाला बसताना मात्र पहिलीचे ऋण डोक्यावर घेऊनच त्याला बसावे लागते. म्हणूनच ‘दुसरा भाग पहिल्याइतका उतरला काय?’ ही पृच्छा साहित्यात आणि कलेत फार जुनी आहे.

या पृच्छेचे एक उत्तम उत्तर विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात देऊन ठेवले आहे. ‘महावीरचरित’ या नाटकात त्याने रामकथा राज्याभिषेकापर्यंत आणली. तेथे युद्ध संपले, रावण पडला, सिंहासन मिळाले. सामान्य नाटककाराने पुढच्या नाटकात आणखी एक राक्षस आणि आणखी एक युद्ध आणले असते. भवभूतीने तसे केले नाही. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्याच अंकात राम आणि सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहात उभी आहेत, आणि त्या चित्रांच्या समोरच पुढच्या वियोगाचे बीज पडते. जिंकलेल्या सिंहासनाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न पहिल्या नाटकाने विचारलाच नव्हता. तो दुसऱ्याने विचारला. रसिकांनी भवभूतीचा मोठेपणा या दुसऱ्या नाटकात पाहिला, यात नवल नाही.

यातून एक कसोटी हाती लागते. पहिल्या भागात जे होते तेच अधिक प्रमाणात देणे, हे उत्तरभागाचे काम नव्हे. पहिल्याच्या पोटात जो प्रश्न न बोलता राहिला असेल, तो उचलून धरणे हे त्याचे खरे काम. हीच कसोटी एका अगदी निराळ्या, गल्लाभरू समजल्या जाणाऱ्या साहसपटाला लावून पाहण्यासारखी आहे. तो साहसपट म्हणजे २००३ साली अमेरिकेत निघालेला ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आणि २००६ साली त्याच्या पाठोपाठ आलेला ‘डेड मॅन्स चेस्ट’ हा त्याचा दुसरा भाग.

चाच्यांच्या चित्रपटाशी मंठाळच्या माणसाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. बसवकल्याण तालुक्यातील या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सरहद्दीवर ज्वारी-तुरीच्या रानात वाढलेल्या माणसाला समुद्र दिसतो, तो बहुधा पडद्यावरच. जॅक स्पॅरो हा बेरकी कप्तानही येथे आला तो हिंदी बोलत, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. परंतु या दोन चित्रपटांच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो मंठाळला परका नाही आणि मराठी इतिहासाला तर मुळीच नाही. तो कसा, हे क्रमाने पाहू गेले पाहिजे.

तलवार, शीड आणि दोरखंड यांवर झोके घेणारा साहसवीर पडद्यावर आणला तो डग्लस फेअरबँक्सने. त्याचा ‘द ब्लॅक पायरेट’ १९२६ सालचा. १९३५ मध्ये ‘कॅप्टन ब्लड’ने एरॉल फ्लिनला नावलौकिक मिळवून दिला. आपल्याकडे ‘प्रभात’ने १९३६ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अमर ज्योति’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात दुर्गा खोटे यांनी सौदामिनी नावाच्या समुद्री लुटारूंच्या राणीची भूमिका केली. कायद्याने स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारल्यामुळे ही स्त्री राज्याविरुद्ध उठते आणि समुद्राचा आश्रय घेते. मराठी कलावंतांनी चाच्याच्या कथेला हात घातला, तेव्हा ‘हा चाचा झाला कशाने?’ हेच त्यांनी आधी विचारले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उत्तरभागाची हौसही आपल्याकडे जुनीच. मुंबईच्या वाडिया बंधूंची ‘हंटरवाली’ १९३५ साली गाजली, आणि १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’ पडद्यावर आली.

पुढे मात्र चाच्यांच्या चित्रपटांना ओहोटी लागली. १९९५ साली ‘कटथ्रोट आयलंड’ हा खर्चिक चित्रपट इतका दणकून आपटला, की चाच्यांच्या कथेवर पैसा लावणे म्हणजे तो समुद्रात फेकणे, असे निर्माते मानू लागले. त्यातच डिस्नेने २००३ साली जो चित्रपट काढला, त्याला आधार ना कादंबरीचा, ना इतिहासाचा. डिस्नेलँडमध्ये १९६७ सालापासून नावेत बसून चाच्यांचे देखावे पाहावयाची एक करमणूक आहे. तिचेच नाव चित्रपटाला दिले होते. अशा उसन्या भांडवलावर काही चांगले उभे राहील, अशी अपेक्षा फारशी कोणाला नव्हती. पण दिग्दर्शक गोअर व्हर्बिन्स्की आणि लेखक टेड इलियट व टेरी रॉसियो यांनी एक नीट बांधलेली गोष्ट सांगितली, आणि ती जगभर चालली.

त्या गोष्टीची बांधणी पाहण्यासारखी आहे. अझटेक लोकांच्या सोन्याची ८८२ नाणी एका पेटीत आहेत आणि त्यांवर शाप आहे. कप्तान बार्बोसा आणि त्याचे साथीदार ती लुटून उधळतात आणि शापित होतात. त्यांना मरण नाही. पण अन्नाची चव नाही, वाऱ्याचा स्पर्श नाही. चांदणे अंगावर पडले, की त्यांचे हाडांचे सापळे दिसू लागतात. शाप उतरावयाचा तर प्रत्येक नाणे परत पेटीत पडले पाहिजे आणि प्रत्येकाने रक्ताने ऋण फेडले पाहिजे. एकच नाणे उरले आहे. ते एलिझाबेथ या गव्हर्नरच्या मुलीच्या गळ्यात आहे. ते मुळात विल टर्नर या लोहाराच्या हाताखालच्या तरुणाचे. आणि विलचा बाप चाचा होता, हे खुद्द विललाच ठाऊक नाही.

या कथेत काहीही वाया जात नाही. जॅक स्पॅरोला त्याच्याच खलाशांनी १० वर्षांपूर्वी एका ओसाड बेटावर सोडले, ते हातात एकच गोळी असलेले पिस्तूल देऊन. ती गोळी तो १० वर्षे जपून ठेवतो आणि अखेरीस नेमक्या क्षणी, नेमक्या माणसावर झाडतो. बार्बोसाला सफरचंद खावयाची आस लागलेली असते. शाप उतरतो त्याच वेळी तो मरतो, आणि न खाल्लेले सफरचंद त्याच्या हातून घरंगळते. शेवटी नाण्यांचा हिशेब पुरा होतो, गोळीचा हिशेब पुरा होतो आणि बापाचा हिशेबही पुरा होतो. चाच्याच्या पोटी जन्मलेला माणूस भला असू शकतो, आणि खुद्द चाचाही भला असू शकतो, एवढे मानून गोष्ट हसतमुखाने निरोप घेते. हा निरोप पुरता होता. पुढे काही सांगावयाचे उरले आहे, असे प्रेक्षकाला वाटत नव्हते. यशामुळे ते निर्मात्यांना वाटले.

आणि यश लहान नव्हते. पहिल्या चित्रपटाने जगभरात ६५ कोटी डॉलरांच्या घरात उत्पन्न आणले आणि जॉनी डेपला उत्कृष्ट नटाच्या ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळवून दिले. लगेच दोन उत्तरभाग एकदमच हाती घेण्यात आले. त्यांतला पहिला जुलै २००६ मध्ये लागला आणि त्याने १०० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला. गल्ल्याच्या तराजूत दुसरा भाग जड ठरला, याबद्दल वाद नाही. तराजू बदलला, म्हणजे वाद सुरू होतो.

दुसऱ्या भागाची सुरुवात मोडलेल्या लग्नाने होते. भर पावसात नवरा-नवरीला बेड्या पडतात. कारण त्यांनी जॅकला फाशीतून सुटण्यास मदत केली होती. बेड्या घालणारा कटलर बेकेट हा ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनीचा माणूस आहे. त्याला जॅकचे होकायंत्र हवे आहे, कारण ते उत्तर दिशा न दाखवता धरणाऱ्याच्या मनातील सर्वांत मोठी इच्छा दाखवते. इकडे जॅकवरही एक जुने कर्ज निघते. डेव्ही जोन्स या समुद्राच्या काळपुरुषाने ‘ब्लॅक पर्ल’ हे त्याचे जहाज तळातून वर काढून दिले होते. १३ वर्षे कप्तानकी, आणि तिच्या बदल्यात १०० वर्षे जोन्सच्या जहाजावर चाकरी, असा तो करार. ती मुदत आता संपली आहे. जोन्सने आपले हृदय कापून एका पेटीत बंद केले आहे. ती पेटी ज्याच्या हाती, समुद्र त्याच्या हाती.

एवढे सूत्र हाती असताना चित्रपट पहिला बराच वेळ नरभक्षकांच्या एका बेटावर घालवतो. तेथील धावपळ हसवते खरी, पण कथेला एक पाऊलही पुढे नेत नाही. शिवाय कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांना माणसे खाणारे म्हणून दाखविल्याबद्दल त्या वंशाच्या लोकांनी आक्षेप घेतला, तो रास्त होता. पुढे सुटलेल्या पाणचक्कीच्या चाकावर तिघांची तलवारबाजी होते. ती पाहताना श्वास रोखला जातो आणि ती योजणाऱ्याच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागते. परंतु पहिल्या चित्रपटातील लोहाराच्या भात्याजवळची साधी दोघांची लढत तिच्याहून अधिक लक्षात राहते. तेथे दोन माणसांचे स्वभाव एकमेकांना भिडले होते. येथे चाक फिरते आणि माणसे त्याच्याबरोबर फिरतात.

याहून मोठा दोष शेवटाचा. क्रॅकेन हा महाकाय जलचर जॅकला जहाजासकट गिळतो, मेलेला बार्बोसा सफरचंद खात जिन्यावरून उतरतो, आणि पडदा पडतो. पुढचे पुढच्या वर्षी! तिकिटाचे पैसे पुऱ्या गोष्टीचे घ्यावयाचे आणि अर्धी गोष्ट हाती ठेवावयाची, हा व्यवहार प्रेक्षकाला रुचत नाही. पहिल्या भागात ८८२ नाण्यांपैकी एकही बाहेर राहिले नव्हते. दुसऱ्याने अडीच तासांत एकही हिशेब मिटविला नाही. केवळ बांधणीचा विचार केला, तर दुसरा भाग पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, असेच म्हणणे प्राप्त आहे.

तरीही एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या भागात तीन गोष्टी अशा आहेत, की त्या पहिल्यात नव्हत्या आणि असूही शकल्या नसत्या.

पहिली म्हणजे डेव्ही जोन्स. चेहऱ्याच्या जागी अष्टपादाचे हात वळवळणारा हा पुरुष सर्वस्वी यंत्रगणकावर घडविलेला आहे, आणि त्याबद्दल चित्रपटाला दृश्यचमत्काराचे ऑस्कर मिळाले. पण चमत्कार त्या हातांत नसून त्यामागच्या बिल नाय या नटाच्या डोळ्यांत आहे. प्रेमाचे दुःख सोसवेना म्हणून ज्याने हृदयच काढून ठेवले, तो माणूस क्रूर होतो पण सुखी होत नाही, हे त्या डोळ्यांत वाचता येते.

दुसरी गोष्ट जॅकच्या स्वभावाची. पहिल्या भागात त्याची लबाडी गोड वाटत होती. कारण ती कोणाच्या मुळावर आली नव्हती. दुसऱ्यात तो स्वतःच्या एका जीवाबद्दल १०० जीव देऊ करतो आणि पहिला हप्ता म्हणून विलला जोन्सच्या ताब्यात ठेवतो. प्रेक्षकाचे हसू येथे ओठांवर थिजते. पुढे एलिझाबेथ त्याच्याच डावाने त्याला चुंबन देऊन डोलकाठीला जखडते आणि इतरांचे प्राण वाचवते. ज्या चातुर्याचे कौतुक केले, त्याची किंमत काय असते, हे दुसऱ्या भागाने दाखविले. भवभूतीच्या कसोटीला तो येथे जवळ येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, आणि ती तलवारींच्या खणखणाटात सहज निसटून जाते. ती आहे एक कागद.

पहिल्या चित्रपटात जॅकच्या मनगटावर डाग दिलेले ‘पी’ हे इंग्रजी अक्षर नॉरिंग्टन हा नौदलाचा अधिकारी ओळखतो आणि त्याला चाचा ठरवतो. तो डाग ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनीचा, एवढे तेथे ओझरते कळते. दुसऱ्या भागात डाग देणारी कंपनीच समोर येते आणि तिच्या हातात एक सनद आहे. अशी सनद ज्याच्यापाशी, त्याने लूट केली तरी तो राजाचा सेवक. नसेल, तर तीच लूट करणारा चाचा. जहाज तेच, तोफा त्याच, लुटलेला मालही तोच. फरक पडतो तो शिक्क्याने. बेकेट ती सनद जॅकला देऊ करतो. एलिझाबेथ पिस्तुलाच्या धाकावर तिच्यावर त्याची सही आणि मोहोर मिळवते. आणि अखेर ती येते नॉरिंग्टनच्या हाती. हा पूर्वी चाच्यांना फासावर चढविणारा अधिकारी. पदावरून उतरून गटारात लोळलेला. तो त्या कोऱ्या जागेत स्वतःचेच नाव भरून बेकेटपुढे उभा राहतो, आणि एका क्षणात पुन्हा प्रतिष्ठित होतो. ‘चाचा भला असू शकतो काय?’ असे पहिल्या चित्रपटाने विचारले होते. ‘चाचा कोणाला म्हणावयाचे, हे ठरविणारा कोण?’ असे दुसरा विचारतो. हा प्रश्न पहिल्याहून निश्चित मोठा आहे.

येथेच मराठी प्रेक्षकाने सावध होऊन बसावयाचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराच्या मक्तेदारीचे क्षेत्र केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडचे. कॅरिबियन समुद्रात तिचे राज्य नव्हते. चित्रपटाने तिला चुकीच्या समुद्रात उभे केले आहे. कंपनी आणि तथाकथित चाचे यांचा जो खरा सामना झाला, तो जमैकाच्या किनाऱ्यावर न होता कोकणच्या किनाऱ्यावर झाला. आणि तेथेही वादाच्या मुळाशी एक कागदच होता. त्याचे नाव दस्तक.

समुद्रावर परवान्याची चाल पाडली ती पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकात ‘कार्ताज’ नावाचा त्यांचा परवाना नसलेले जहाज अरबी समुद्रात लुटले जाई, आणि त्या लुटीला ते कायदा म्हणत. मुंबईकर इंग्रजही आपल्या छत्राखालील व्यापाऱ्यांना परवाने देत. कान्होजी आंग्रे यांनी तेच केले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षाला मिळाले. त्यांचे सरखेलपद कायम झाले आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले. छत्रपतींच्या समुद्रावरून जावयाचे तर सरखेलाचे दस्तक घ्यावे, नाही तर जहाज अटकावले जाईल, असा त्यांचा नियम. इंग्रजांनी दस्तक घेण्याचे नाकारले आणि आपल्या कागदपत्रांत त्यांना चाचा म्हटले. म्हणजे परवाना लंडनच्या शिक्क्याचा असला तर व्यापार, आणि कुलाब्याच्या शिक्क्याचा असला तर चाचेगिरी!

हा निवाडा तोफांनी पक्का करण्याचा इंग्रजांचा यत्न १७१८ साली खांदेरीपुढे फसला. १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन त्यांनी कुलाब्यावर चाल केली. कान्होजींच्या मदतीला बाजीराव घोडदळ घेऊन किनाऱ्यावर उतरला, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि मोहीम विस्कटली. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तेव्हा त्यांचा किनारा अजिंक्य होता.

पुढे २००७ साली याच चित्रमालिकेचा तिसरा भाग आला. त्यात जगातील नऊ चाचे सरदारांची सभा भरते, आणि त्यांत हिंदी महासागराचा सरदार म्हणून ‘श्री संभाजी अँग्रिया’ बसलेला दिसतो. हे कान्होजींच्या पुत्राचे नाव. पडद्यावरचा हा संभाजी बराच वेळ स्वतः बोलत नाही; आणि बोलतो, तेव्हा त्याच्या चिरक्या आवाजाने प्रेक्षकांना हसविण्याची योजना आहे. कंपनीला खलनायक ठरविणाऱ्या चित्रपटाने माणसाचे नाव मात्र कंपनीच्याच दप्तरातून, कंपनीने दिलेल्या पदवीसह उचलले. कागदावर नाव लिहिणाऱ्याची सत्ता किती दूर पोहोचते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

खरा संभाजी आंग्रे हसण्याजोगा नव्हता. १७३५ सालच्या डिसेंबरात इंग्लंडहून मुंबईस येणारे कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज त्याने काबीज केले. पण आंग्रे घराण्याच्या या दुसऱ्या भागाकडेही त्याच कसोटीने पाहिले पाहिजे. इतिहासालाही उत्तरभाग असतात आणि त्यांचे दोषही तेच असतात. कान्होजींनंतर सेखोजी सरखेल झाला, तो १७३३ साली वारला. मग संभाजी आणि मानाजी या भावांत वितुष्ट आले. १७३५ साली बाजीरावाने वाटणी करून दिली. मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब हा किताब, तर संभाजीला दक्षिणेकडील किल्ले आणि सरखेलपद मिळाले. तरी भांडण मिटले नाही. १७४० साली संभाजी भावावर चालून गेला, तेव्हा मानाजीने पेशव्यांकडे आणि इंग्रजांकडेही धाव घेतली. बापाच्या वैऱ्याला घरच्या तंट्यात बोलावण्याची पाळी आली.

त्यानंतरचा तुळाजी शूर होता, त्याचे आरमार जबर होते आणि विजयदुर्गाचा दरारा समुद्रावर दूरवर होता. भव्यतेच्या मापाने हा उत्तरभाग मूळ कथेला मागे टाकील, असे वाटावे. परंतु कान्होजींच्या दस्तकाला वजन होते, ते केवळ तोफांमुळे नव्हते. त्यामागे छत्रपतींची मान्यता आणि घाटावरच्या फौजेचा पाठिंबा होता. तुळाजीचे पेशव्यांशी वैर वाढत गेले आणि तो आधार सुटला. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात तुळाजीविरुद्ध करार झाला. त्या एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि आंग्र्यांचे आरमार बंदरात जळाले. मराठ्यांचे सर्वांत बलिष्ठ आरमार मराठ्यांच्याच संमतीने राख झाले. आंग्र्यांकडे राज्याचा शिक्का उरला नाही, आणि मग त्यांना ‘चाचा’ म्हणणाऱ्यांना उत्तर देणारा कोणी राहिला नाही.

चित्रपटाच्या दुसऱ्या भागाची उणीव याच ठिकाणी स्पष्ट होते. सनदेचा प्रश्न त्याने उचलला, पण तो पेलला नाही. कागदाने माणसाचे नाव बदलते, हे दाखवून तो तिथेच थांबला आणि जलचराच्या मागे धावला. ज्याच्या कपाळी ते नाव आले, त्याचे पुढे काय झाले आणि त्याच्या मुलाबाळांना इतिहासात कोणती जागा मिळाली, हे त्याला विचारावयाचे नव्हते. हृदयाची पेटी त्याने उघडली. सनदांची पेटी मिटलेलीच ठेवली.

तेव्हा निकाल काय? गोष्ट म्हणून पहिला चित्रपट श्रेष्ठ. तो पुरा आहे, नेटका आहे आणि आपल्या शब्दाला जागणारा आहे. विचार म्हणून दुसरा पुढे जातो, पण अर्ध्या वाटेवर बसतो. ज्याला दोन-अडीच तास निखळ करमणूक हवी, त्याने पहिला पुन्हा पाहावा. ज्याला करमणुकीबरोबर थोडे डिवचलेलेही चालते, त्याने दुसरा पाहावा; मात्र राक्षस पडद्यावर येईल तेव्हा डोळे विश्रांतीला पाठवावे आणि कागद येईल तेव्हा ते उघडे ठेवावे.

मंठाळच्या प्रेक्षकाला हे सांगण्याची गरज कदाचित सर्वांत कमी असेल. त्याच्या आजोबांचा वाडा, विहीर आणि रान जेथल्या तेथे होते. पण कागद बदलत गेले. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाचा रयत होता. मग भारतातील हैदराबाद राज्याचा नागरिक झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. उंबरठा न ओलांडता ज्याचा पत्ता इतक्यांदा बदलला, आणि तरीही ज्याच्या घरात मराठी ओवी आणि अंगणात कन्नड शेजार सुखाने नांदत राहिला, त्याला कागदाची सत्ता कळते आणि तिची मर्यादाही कळते.

भारतीय नौदलाने १९५१ साली मुंबईतील आपल्या नाविक तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले. कंपनीच्या दप्तराने ज्याला चाचा म्हटले, त्याचे नाव स्वतंत्र देशाच्या नौदलाने आपल्या दारावर लावले. सनद लिहिणारा हात बदलला, म्हणजे इतिहासाचाही दुसरा भाग लिहिता येतो. आणि तो पहिल्यापेक्षा सरस उतरू शकतो. पडद्यावरच्या संभाजीला मात्र तसा लेखक अजून मिळावयाचा आहे. ते काम हॉलीवुडवर सोपवून बसणे मराठी माणसाला परवडणारे नाही.